कुणाचं मन, कुणाच्या माथी

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हण जुनी, पण गोष्ट रोजची. ज्याचं स्वतःचं मन थाऱ्यावर नसतं तोच दुसऱ्याला विचारतो, तुझं हल्ली लक्ष कुठंय? जिला सासरच्या माणसांचा मनातून कंटाळा आलेला असतो तिला वाटतं, यांनाच मी नकोशी झालेय. मानसशास्त्रात याला प्रक्षेपण म्हणतात, इंग्रजीतून आलेला शब्द प्रोजेक्शन. सिनेमा थिएटरात चित्र आपल्या पाठीमागच्या मशीनमध्ये असतं आणि दिसतं समोरच्या पडद्यावर, तसंच हे. स्वतःच्या मनातलं जे स्वतःलाच सोसवत नाही ते समोरच्या माणसावर पाडायचं, आणि मग त्यालाच जाब विचारायचा. कुणी हे मुद्दाम करत नाही, म्हणून तर ओळखायला अवघड. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते वेगळं. तिथं राग आपला आहे हे निदान ठाऊक असतं. इथं तेच ठाऊक नसतं.

सिग्मंड फ्रॉइडने या अर्थाने हा शब्द वापरायला सुरुवात केली ती १८९०च्या दशकात. त्याआधीच, १८८७ साली, आपल्या पुण्यात एक बाविशीही न गाठलेली बाई वारली. तिने हा शब्द कधी ऐकला नव्हता. पण नवऱ्याने तिच्यावर पाडलेलं चित्र आणि आपण स्वतः यांतला फरक तिने जितका स्वच्छ ओळखला, तितका आज मानसशास्त्राची पुस्तकं वाचूनही आपल्याला जमत नाही. ही बाई म्हणजे डॉक्टर आनंदीबाई जोशी.

त्यांची गोष्ट शाळेपासून आपल्याला माहीत आहे. पहिल्या डॉक्टरीणबाई, सातासमुद्रापार गेल्या, क्षयाने गेल्या. श्री. ज. जोशी यांची कादंबरी अनेकींनी वाचली असेल, २०१९ सालचा सिनेमाही पाहिला असेल. त्या गोष्टीत गोपाळराव एक तर बायकोला शिकवणारे थोर पुरुष असतात, नाही तर मारकुटे विक्षिप्त. मला वाटतं, दोन्ही चित्रं अपुरी आहेत. या जोडप्याकडे वेगळ्या बाजूने बघू या.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५चा, कल्याणच्या जोशी घराण्यातला. माहेरचं नाव यमुना. वडिलांची लाडकी, पण आईचा हात फार कडक. साध्या छडीवर भागत नसे, दगड आणि निखाऱ्यापर्यंत मजल जायची, असं पुढे आनंदीबाईंनीच परदेशातल्या मैत्रिणीला कळवलं. ऐकून अंगावर काटा येतो. नवव्या वर्षी, १८७४ साली, तिचं लग्न झालं. नवरा पोस्टात कारकून, बिजवर, वयाने वीसेक वर्षांनी मोठा. बायकोला शिकवणार, ही त्याची लग्नाआधीचीच अट. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे सासरचं नवं नाव मिळालं, आनंदी.

आणि शिकवणं सुरू झालं. गोपाळरावांची बदली अलिबागला झाली, मग कोल्हापूर, मुंबई, भूज, कलकत्ता, श्रीरामपूर. सगळीकडे अभ्यास त्यांच्या मागोमाग. इतर नवरे स्वयंपाक केला नाही म्हणून बायकोला मारत, गोपाळराव स्वयंपाकघरात वेळ घालवला म्हणून मारत, अशी त्यांची ख्याती. लोक हे हसून सांगतात. पण मार तो मार. दहा वर्षांच्या पोरीच्या पाठीला तो अभ्यासासाठी पडला की पोळीसाठी, हे कळत नाही.

इतका हट्ट कशासाठी? समाजसुधारणेची तळमळ होतीच, ती खोटी म्हणता येणार नाही. पण आणखी काही होतं. गोपाळरावांना स्वतःला फार काही व्हायचं होतं. बुद्धी तल्लख, इंग्रजी चांगलं, स्वभाव चौकटीत न मावणारा, आणि नशिबात पोस्टातली कारकुनी आणि बदल्या. त्यांनी १८७८ साली अमेरिकेतल्या रॉयल वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याला पत्र लिहिलं. त्यात बायकोच्या शिक्षणाबरोबर स्वतःसाठीही तिकडे काही काम मिळेल का, अशी विचारणा होती. अमेरिकेला जायची ओढ आधी त्यांची होती. आनंदी तेव्हा तेरा वर्षांची होती.

बारावी सायन्सच्या मुलांच्या आईवडिलांनी इथं क्षणभर थांबायला हरकत नाही. माझं राहिलं ते लेकरू पूर्ण करेल, असं म्हणताना ते लेकराला हवंय का, हे विचारायचंच राहून जातं. त्याला ते नकोय असं दिसलं की राग येतो, तोही त्याच्या आळसाचा म्हणून. आपल्या हुकलेल्या संधीचा राग म्हणून नव्हे.

वाइल्डर साहेबांनी उत्तर दिलं, ख्रिस्ती व्हा, मग बघू. तेवढ्यावर बोळवण झाली. पण पत्र मासिकात छापून आलं आणि १८८० साली न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या नजरेस पडलं. त्या दातांच्या डॉक्टरकडे बसल्या होत्या, तिथं हे जुनं मासिक हाती आलं. त्यांनी आपण होऊन पत्र लिहिलं आणि आनंदीबाईंना एक मावशी मिळाली. मावशी हा शब्द मी घालत नाहीये, आनंदीबाई त्यांना मावशीच म्हणत. आईकडून जे मिळालं नाही ते या गोऱ्या, कधी न पाहिलेल्या बाईकडून पत्रांतून मिळालं.

यादरम्यान एक घटना घडून गेली होती. चौदाव्या वर्षाच्या आसपास आनंदीबाईंना मुलगा झाला आणि दहाच दिवसांत गेला. बाळंतपणात, आजारपणात बायकांना बघायला बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुषाला दाखवायचं नाही, असा तो काळ. डॉक्टर व्हायचं ते या दुःखातून ठरलं. माझ्या मते इथं गोष्टीने वळण घेतलं. इतके दिवस गोपाळरावांची इच्छा आनंदीच्या अंगावर चढवलेली होती, मापाला न बसणाऱ्या पोलक्यासारखी. आता तिच्यात तिची स्वतःची इच्छा जन्माला आली. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, शिक, अमेरिकेला जा, डॉक्टर हो. पण आतून फार फरक आहे.

दोघांनी मिळून जायचं ठरत होतं. ते जमेना. शेवटी गोपाळरावांनीच ठरवलं, तू एकटी जा. जायच्या आधी, २४ फेब्रुवारी १८८३ला, श्रीरामपूर कॉलेजच्या सभागृहात (हे बंगालमधलं श्रीरामपूर, आपलं नगर जिल्ह्यातलं नव्हे) आनंदीबाईंनी इंग्रजीतून भाषण केलं. का जाते, एकटी का जाते, हे लोकांच्या एकेक आक्षेपाला उत्तर देत सांगितलं. हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन, अशी ग्वाही दिली. तेव्हा त्या अठराही पूर्ण नव्हत्या. ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली, ४ जूनला त्या न्यूयॉर्कला उतरल्या. मावशी घ्यायला आल्या होत्या.

त्या वर्षीच्या शरद ऋतूत फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात नाव दाखल झालं. थंडी हाडं गोठवणारी, खोली धुराने भरणारी, शाकाहार सोडायचा नाही म्हणून जेवणाचे हाल. नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात आणि तिकडे तर बर्फ. त्यांनी मग गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. गाऊन घातला नाही बरं का, साडीच, फक्त वेगळी नेसलेली.

आणि इकडून पत्रं सुरू झाली. ज्यांनी आपल्या हाताने बोटीत बसवलं, त्यांच्याच पत्रांतून आता संशय डोकावू लागला. नेसणं बदललं, उद्या काय काय बदलशील? तिकडे रमलीस, आम्हाला विसरशील. रीत सोडशील, धर्म सोडशील. पत्र पोचायला आठवडे लागत, उत्तर यायला आणखी आठवडे, म्हणजे एक टोमणा दीड-दोन महिने जिवाला लागून राहायचा. आणि तोही परीक्षा, आजारपण, परका देश यांच्या जोडीला.

इथं जरा नीट बघा. रीत कोण सोडत होतं? आनंदीबाई तर कुंकू, शाकाहार, साडी यांपैकी काहीच सोडत नव्हत्या. बोटीवर मिशनरी बायकांनी ख्रिस्ती हो म्हणून पिच्छा पुरवला, तरी त्या बधल्या नव्हत्या. उलट सगळ्या रीतींना धक्के द्यायची हौस जन्मभर होती ती गोपाळरावांना. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासारख्यांना बोलावून, मिशनऱ्यांच्या हातचा चहा प्यायल्याबद्दल त्यांची नावं वर्तमानपत्रातून जाहीर करणारे हेच गोपाळराव. त्या चहावरून केवढं रामायण झालं, प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. आणि पुढच्याच वर्षी, १८९१ साली, गोपाळरावांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. थोड्याच काळात ते परतही आले. पण जी शंका त्यांनी हजारो मैलांवरच्या बायकोवर घेतली, ती खरी ठरली त्यांच्या स्वतःच्या बाबतीत.

एवढ्यावरून मेलेल्या माणसाच्या मनाचा पंचनामा करणं बरं नव्हे, हे मलाही कळतं. पण हे कोडं दुसऱ्या कुठल्या किल्लीने मला उलगडत नाही. ज्याचं मन दोन दगडांवर उभं असतं त्याला दुसऱ्याचाच पाय घसरताना दिसतो. शिवाय असूयाही असणार. स्वप्न त्यांचं, जगत होती ती. मेहनत घेतली त्यांनी, टाळ्या वाजत होत्या तिच्यासाठी. हे स्वतःशी कबूल करणं कोणत्याही नवऱ्याला जड जातं. त्यापेक्षा, तूच बदललीस, हे सोपं.

आता आनंदीबाईंनी काय केलं ते पाहू. मला त्यांच्या डिग्रीइतकंच हे मोठं वाटतं.

त्यांनी रडून पाय धरले नाहीत. पत्र लिहिणंही थांबवलं नाही. टोमण्यांपैकी जी वस्तुस्थितीची गोष्ट होती तिला वस्तुस्थितीने उत्तर दिलं. साडी अशी का नेसते, तर थंडी अशी आहे म्हणून. बस. मी वाईट नाही हो, अशी विनवणी त्यात नव्हती. संशयाला पुरावे देत बसलं की संशय वाढतो, हा अनुभव आपल्यापैकी कितीजणींना असेल! फोन का उचलला नाही याचं एक कारण दिलं की दुसरं मागितलं जातं. दुसरं दिलं की, एवढी कारणं कशाला देतेस, म्हणून तिसरी शंका. कारण शंका फोनबद्दल नसतेच मुळी.

दुसरी गोष्ट त्याहून अवघड. अमेरिकेतून लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी नवऱ्याच्या जुन्या वागणुकीचा सरळ हिशेब मांडला. दहाव्या वर्षी लाकडाने मारलंत, बाराव्या वर्षी खुर्च्या, पुस्तकं अंगावर फेकलीत, सोडून जायच्या धमक्या दिल्यात, चौदाव्या वर्षी नाना शिक्षा केल्यात, हे त्यांनी वयासकट लिहिलं. तुमचं वागणं चांगलं की वाईट हे ठरवणं कठीण आहे, असंही म्हटलं. शेवटाकडे बघितलं तर योग्य वाटतं, पण लहान मुलीच्या मनावर काय परिणाम झाला असता ते बघितलं तर चूक म्हणावं लागतं, अशा अर्थाचं. त्या कच्च्या वयात आपण घर सोडून गेलो असतो तर आपलं काय झालं असतं, हेही विचारलं. हिंदू बाईला नवऱ्यापुढे बोलायचा हक्क नाही, म्हणून तेव्हा गप्प राहिले, हेही सांगितलं. आता सांगते आहे.

विचार करा, हे १८८०च्या दशकातलं पत्र आहे. लिहिणारी विशीच्या आतबाहेरची. ज्याला लिहिलं त्याच्यामुळेच ती शिकली, हेही तिला ठाऊक. आपण असतो तर एक तर उपकाराखाली दबून मार विसरलो असतो, म्हटलं असतं, जाऊ दे, त्यांच्यामुळे तर हे दिवस दिसले. नाही तर माराच्या रागात उपकार पुसून टाकले असते. आनंदीबाईंनी दोन्ही रकाने वेगवेगळे ठेवले. वाण्याच्या वहीत जमा एका बाजूला आणि नावे दुसऱ्या बाजूला असतात, तसे. तुम्ही दिलंत ते इकडे, तुम्ही दुखावलंत ते तिकडे. माझी कमाई कोणती आणि तुमची भीती कोणती, हेही वेगळं.

प्रक्षेपणाच्या बाबतीत आजचे समुपदेशक जे सांगतात, ते याहून फार वेगळं नाही. आरोप झाला की आधी स्वतःला विचारायचं, यात माझं खरंच काही आहे का? असेल तर तेवढं आपलं म्हणून घ्यायचं. उरलेलं समोरच्याचं असतं. ते त्याच्या तोंडावर फेकायचं नाही आणि आपल्या पदरातही बांधायचं नाही. तूच तसा आहेस, असं उलट ओरडलं की दोन्ही बाजूंनी सिनेमा सुरू होतो आणि पडद्यावर काहीच धड दिसत नाही. तुमच्या मनात काही चाललंय का, मला सांगा, एवढं शांतपणे विचारता आलं तर कधी कधी मशीन बंद पडतं. नेहमी नाही. गोपाळरावांचं पडलं नाही. आणि जिथं संशयाबरोबर हात उठतो तिथं शांतपणे विचारत बसायचं नसतं, चार माणसांत बोलायचं, मदत घ्यायची. आनंदीबाईंना त्या वयात ती सोय नव्हती, आपल्याला आहे.

हे आपण स्वतः करतो तेव्हा कसं ओळखायचं? मला एक खूण उपयोगी वाटते. एखाद्या माणसाची एखादी गोष्ट मापाबाहेर खटकायला लागली, जाऊबाई किती पुढे पुढे करतात म्हणून रात्री झोप येईना, की समजावं, हे सगळं काही जाऊबाईंचं नाही. कदाचित आपल्यालाही पुढे व्हायचंय. तसं वाटणं हा काही गुन्हा नाही. एकदा स्वतःशी म्हटलं की जाऊबाई निम्म्याने बऱ्या वाटू लागतात. सुनेचा माहेरचा ओढा, नणंदेचा हिशेबीपणा, भिशीतल्या मैत्रिणीचा दिखाऊपणा, यांतलं काय आणि किती आपल्या घरचं, हे तपासायला एक वही पुरते. रोज नको, राग आला त्या दिवशी लिहावं. लिहिताना, ती अशी आहे, असं लिहिलं की खाली, मी कधी अशी असते का, हेही लिहायचं. वही कुणाला दाखवायची नाही.

गोपाळराव मजल दरमजल करत १८८५ साली अमेरिकेत पोचले. भाषणं देत हिंडले, अमेरिकन समाजावर आणि मिशनऱ्यांवर तोंडसुख घेतलं, वर्तमानपत्रांत गाजले. ज्या लोकांनी बायकोला आसरा दिला त्यांच्याच देशात हे चाललेलं, आनंदीबाईंची किती कुचंबणा झाली असेल! तरी ११ मार्च १८८६ला पदवी मिळाली तेव्हा गोपाळराव समोर होते, इंग्लंडहून आलेल्या पंडिता रमाबाईही होत्या. आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय घेतला होता हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्राचा. दहा दिवसांचं बाळ गमावलेल्या आईने हा विषय का निवडला असेल, हे सांगायला नको. राणी व्हिक्टोरियाकडूनही अभिनंदन आलं.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागाची नेमणूक ठरलेली होती. ती हातात घेऊन त्या नोव्हेंबर १८८६ मध्ये मुंबईला उतरल्या, पण क्षयाने अंग पोखरून टाकलं होतं. कोल्हापूरची खुर्ची रिकामीच राहिली. २६ फेब्रुवारी १८८७ला पुण्यात त्या गेल्या, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायला महिना बाकी असताना. पुढे काशीबाई कानिटकरांनी त्यांचं चरित्र लिहिलं, पत्रं जपली गेली, म्हणून आज हे आपल्याला कळतं. स्वतः धडपडून वाचायला शिकलेल्या एका बाईने दुसरीचं आयुष्य लिहून ठेवलं.

गोपाळराव १९१२ पर्यंत जगले. आनंदीबाईंच्या अस्थी त्यांनी मिसेस कार्पेंटर यांच्याकडे पाठवल्या होत्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावच्या दफनभूमीत, कार्पेंटर कुटुंबाच्या जागेत, त्या पुरलेल्या आहेत. वर एक दगड आहे. शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री, अशी तिची ओळख त्यावर कोरलेली आहे. सभोवती सगळी ख्रिस्ती माणसं.